श्वास पूर्ण मिनिटभर मोजू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आशाताईंसाठी नवजात बाळाच्या घरातल्या काळजीचा ऑनलाइन अभ्यासक्रम उभा करायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तू विचारलंयस. ते मागाहून बघू. आधी बालरोगतज्ज्ञ आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या दोन-तीन अनुभवी गटप्रवर्तक यांना एका टेबलाशी बसव आणि विचार: बाळंतिणीच्या घरी गेल्यावर ताईंचं अडतं कुठे? त्या जागा हाच तुझा अभ्यासक्रम. बाकीची माहिती पुस्तिकेत आहेच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना बाळाचं वजन, ताप, श्वास तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे २०११ मध्ये हे काम देशभरच्या आशांकडे आलं. त्या बायका शिकल्या त्या प्रत्यक्ष बाळं हाताळून. तुझ्याकडे फक्त फोन आहे, म्हणून पडद्यावरही ताईंना काहीतरी करायला लागलं पाहिजे. नुसतं ‘पुढे’ दाबत जाणं म्हणजे शिकणं नव्हे.

श्वास मोजण्याचंच घे. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हे वाक्य ताईंना पाठ असतं. पण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच काही सेकंद थांबतो, मग भरभर चालतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा चुकतो. म्हणून शांत निजलेल्या बाळाचा पूर्ण मिनिटभराचा व्हिडिओ दाखव आणि ताईंना स्वतः मोजून आकडा लिहू दे. साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायला लाव, घरातही तेच करायचं असतं. चुकलं तर लाल फुली नको. तोच व्हिडिओ परत चालव, या वेळी प्रत्येक श्वासाला एक खूण उमटू दे. खरा आकडा दोन डॉक्टरांकडून वेगवेगळा मोजून घे आणि जुळला तरच वापर. चित्रीकरणाआधी आईवडिलांची लेखी संमती हवीच.

तुझी तांत्रिक मंडळी म्हणतील, मिनिटभर कोण बघतंय, वीस सेकंदांवर आणू. तिथे अजिबात मागे हटू नकोस. फाइल हलकी करण्याच्या नादात छातीची हालचालही पुसट होते, आणि रेंजअभावी व्हिडिओ अडखळला की श्वास हुकतात. बाकीचे धडे स्थिर चित्रं आणि आवाजावर भागव, वाचलेली जागा या व्हिडिओला दे, आणि तो आधी डाउनलोड होईल असं बघ.

डॉक्टरांची सही संहितेवर घे, तयार झालेल्या धड्यावर नव्हे. आवाज भरून झाल्यावर एक वाक्य बदललं तरी पुन्हा स्टुडिओ, पुन्हा जुळवाजुळव, आणि वेळापत्रक कोलमडतं.

चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीच्या दिवशी घे, ताईंच्या स्वतःच्या फोनवर. तू मागे बस आणि समजावून सांगायचा मोह आवर. कुणाचं बोट कुठे घुटमळतं, कोण शेजारणीला विचारते, ते टिपून ठेव. मला त्या टिपणांइतकं उपयोगी दुसरं काही वाटत नाही. शेवटच्या परीक्षेचे गुण वरिष्ठांना आवडतात, द्यावेत. पण महिन्याभराने गटप्रवर्तक गृहभेटीला सोबत जाईल आणि श्वास मोजताना बघेल, याची सोय आत्ताच करून ठेव. त्या नोंदी वैयक्तिक नावानिशी वर पाठवू नकोस. आपल्यावर कारवाई होईल असं वाटलं तर ताई चुका दाखवणारच नाहीत.

आणि पैशांचं. आशाताईंना कामाप्रमाणे मोबदला मिळतो. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या गृहभेटी ठरलेल्या असतात, त्यात शेती आणि घरकाम. अभ्यासक्रमाचे तास त्यांनी रात्री जेवणं आटोपल्यावर फुकट द्यावेत, असं गृहीत धरलेलं अंदाजपत्रक मला मान्य नाही. शिकण्याच्या तासांचे पैसे त्यात धर, आणि मार्गदर्शक सूचना बदलल्या की धडे दुरुस्त करायचा खर्चही. पहिला मसुदा तयार झाला की पाठव, मी ओळन्‌ओळ वाचेन.

तुझा,
काका