पहिल्यांदा सर्व्हर बदलतोयस? आयपीचं एवढं सांभाळ

घाबरू नको भाऊ, काम सोपंच आहे, फक्त घाई करू नको. सगळ्यात आधी डीएनएसमधला (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, सांगणारी यंत्रणा) टीटीएल बघ, म्हणजे तो पत्ता बाकीच्यांनी किती सेकंद कॅशमध्ये (तात्पुरता साठवून) ठेवायचा तो आकडा. बरेचदा तो १४४०० असतो म्हणजे ४ तास, कधी ८६४०० म्हणजे अख्खा दिवस. साइट हलवायच्या एक दिवस आधीच तो ३०० कर, मग आयपी बदलला की बहुतेकांना ५-१० मिनिटांत नवीन सर्व्हर लागतो. नवीन पोरं हे त्याच रात्री करतात, तोवर जुना टीटीएल सगळीकडे कॅशमध्ये बसलेला असतो, काही फायदा नाही.

डीएनएसला हात लावायच्या आधी नवीन सर्व्हर तपास. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, होस्ट्स फाइलमध्ये (डीएनएसच्या आधी कॉम्प्युटर हीच बघतो) एक ओळ टाक, आधी नवीन आयपी, मग स्पेस, मग डोमेन. आता फक्त तुझ्याच कॉम्प्युटरवर साइट नवीन सर्व्हरवरून उघडते, लॉगिन, फॉर्म, फोटो सगळं चालवून पाहा. झालं की ती ओळ आठवणीनं काढ.

नेहमीच्या चुका दोन-तीनच:
- ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा पत्ता) बदलला पण एएएए (आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता) जुनाच राहिला. सीताबर्डीतल्या एका कपड्याच्या दुकानाची साइट हलवताना माझं हेच झालं, ऑफिसात नवीन साइट दिसून राहिली अन् मालकाच्या मोबाइलवर जुनीच, कारण मोबाइल आयपीव्ही६ वरून जात होता, सगळी दुपार त्यात गेली.
- मेल जुन्याच सर्व्हरवर ठेवायचा असेल तर त्याचे रेकॉर्ड बदलू नको.
- जुना सर्व्हर लगेच बंद करणं. आठवडाभर राहू दे.

रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) वगैरे आत्ता नको. तुझा टीटीएल किती आहे ते आधी सांग.