खांब आडवा होता, पण लिहिलं कुणी?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

बांधकाम कंपनीची कमर्शियल हेड झालीस, आनंद झाला. सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसात केबिन मिळाली असेल, पण तिथे फार बसू नकोस.

तू विचारलंस, दर पाडून घेतलेलं काम पुढे क्लेमवर, म्हणजे वाढीव पैशांच्या दाव्यावर, भरून काढता येतं का. मला विचारशील तर असलं काम घेऊच नये. आणि क्लेम खरा असला तरी तो उभा राहतो साइटवर. वकिलाकडे जातो तेव्हा उशीर झालेला असतो. फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नमुना करारात घटना कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती चुकली की मुदतवाढ आणि पैसे, दोन्हींवर पाणी. सरकारी करारात मुदत वेगळी असू शकते. काम सुरू होण्याआधी ती शोध आणि प्रोजेक्ट मॅनेजरच्या टेबलावर चिकटव.

साइटवर गेलीस की आधी हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, माग. बहुतेक ठिकाणी एवढंच सापडतं: 'विजेचा खांब आडवा, काम बंद.' कोणत्या चेनेजला, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासून किती अंतरावर? कधीपासून कधीपर्यंत? पोकलेन आणि टिप्पर किती तास उभे? समोरच्या अभियंत्याची सही कुठंय? अशा नोंदीवर लवादापुढे फुटकी कवडी मिळत नाही. तो अभियंता तोवर बदलून गेलेला असतो. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 चं. आपल्या विदर्भात कामं किती लांबतात ते तुला मी काय सांगावं!

आपल्याकडची काळी माती पाऊस पडला की टिप्पर गिळते. नेहमीच्या पावसाचा भुर्दंड ठेकेदाराचाच, त्यावर रडण्यात अर्थ नाही. पण जमीन मार्चऐवजी जूनमध्ये ताब्यात आली, म्हणून उन्हाळ्यातलं मातीकाम पावसात गेलं, तर तो हिशेब वेगळा मांडता येतो. दोन्ही कारणं एकाच नोंदीत कालवलीस तर समोरचा सगळंच पावसाच्या माथी मारेल.

मुदतवाढीच्या पत्रावर तर डोळ्यांत तेल घालून सही कर. 1872 च्या करार कायद्यातलं कलम 55 वाच. समोरच्याने उशीर केला आणि तू तो मुकाट मान्य केलास, तर भरपाईचा हक्क जातो. मान्य करतानाच 'भरपाई मागणार' अशी नोटीस द्यावी लागते. साइटवरचे लोक 'आर्थिक दावा करणार नाही' असं बिनदिक्कत लिहून देतात, कारण आरए बिल, म्हणजे झालेल्या कामाचं चालू बिल, अडकलेलं असतं. त्यांना दोष देऊ नकोस. पगार थकला की कुणीही सही करेल. असं पत्र तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जाणार नाही, एवढं बघ.

खालच्यांचे पैसेही थकवू नकोस. माल पुरवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग नोंदणीकृत असेल तर 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची कमाल मर्यादा आहे, त्यापुढे चक्रवाढ व्याज. शिवाय ऐन मे महिन्यात खडी कोण पाठवेल?

बुटीबोरीच्या साइटवर जाशील तेव्हा रजिस्टरच्या शेवटच्या चार पानांचे फोटो पाठव. नोटिशीचा मसुदा फोनवर बसून करू.

तुझा,
काका