सततची कंबरदुखी असताना नोकरी टिकवायची, तर साहेबांना सांगावे की लपवावे?

आपण लिहिले आहे की आपण धुळ्यात एका वित्तसंस्थेत वसुलीचे काम करता, दिवसभर मोटारसायकलवर असता, दोन वर्षांपासून कंबर दुखते आणि साहेबांना कळले तर नोकरी जाईल अशी भीती वाटते. मी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, वजनकाट्यावर कारकून आहे आणि असेच दुखणे अंगावर वागवत अकरा वर्षे नोकरी करतो आहे. त्यातली पहिली चार वर्षे मी ते लपवले. माझे मत असे आहे की सांगावे. मात्र काय सांगायचे ते आधी ठरवून सांगावे.

लपवण्याची किंमत मला ऐन हंगामात कळली. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर लागलेली होती, कूस बदलताना येणाऱ्या कळेमुळे कित्येक रात्री सलग झोप नव्हती आणि मी तसाच खुर्चीत बसून काटापट्ट्या फाडत होतो. एका पिकअपचे रिकामे वजन 1,690 किलो होते, ते मी 1,960 लिहिले. म्हणजे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा 2 क्विंटल 70 किलो कापूस माझ्या हातून कागदावर नाहीसा झाला. संध्याकाळी नोंदी ताडताना चूक सापडली आणि त्यांना राहिलेले पैसे मिळाले, पण मला त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी विचारले, "भाऊ, तुम्हाला होतंय तरी काय?" "फार दुखतं" असे मी पूर्वी दिवाणजींना एकदोनदा म्हटले होते आणि प्रत्येक वेळी त्यांनी कुठले तरी तेल सुचवले होते. या वेळी मी सांगितले की सकाळचा पहिला तास मला वाकता येत नाही, पायमोजेसुद्धा मुलगा घालून देतो. सलग अर्ध्या तासाहून जास्त बसता येत नाही. परंतु उभ्याने आणि चालत मी सगळे काम करू शकतो. "दुखतं" या शब्दावर शेठजींना करण्यासारखे काही नव्हते, या तीन वाक्यांवर होते. सुताराकडून एक लाकडी खोके करवून टेबलावर ठेवले, त्यावर मी आजही उभ्याने लिहितो. सकाळचा पहिला तास काट्यावर दुसरा माणूस बसतो आणि मी आवारात फिरून रुईच्या गाठी मोजतो. त्याच्या बदल्यात रात्रीचा ताळा मी करतो. अमळनेरहून मोटारसायकलने येणेही मी सोडले. पॅसेंजरमध्ये निदान उभे राहता येते.

हे बदल मला मानवले, कारण माझा आजार अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात आहे. त्यात विश्रांतीने ताठरपणा वाढतो आणि हालचालीने कमी होतो. हे निदान होण्याआधी चार वर्षे "मणक्यातली गादी सरकली आहे" एवढ्यावर मी पट्टा बांधून पडून राहत होतो. आपले दुखणे 45 वर्षांच्या आत सुरू झाले असेल, सकाळी जास्त असेल आणि चालल्यावर हलके होत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना अवश्य दाखवा. उलट गाडीवर बसल्याने वाढत असेल तर कारण वेगळे असू शकते आणि मागण्याही वेगळ्या होतील. लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत नुसती वेदना हा प्रकार नाही, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आल्यास काढून न टाकण्याचे स्पष्ट संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. आपल्याला जास्त उपयोगी पडेल तो राज्य कामगार विमा (ईएसआय). पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि पगारपत्रकात 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर अटी पूर्ण झाल्यावर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सुमारे 70 टक्के वेतन मिळू शकते.

साहेबांकडे जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक छोटी वही ठेवा: किती वाजता निघालो, किती वेळ गाडीवर होतो, दुखणे केव्हा वाढले आणि वसुली किती झाली. शेवटचा रकाना विसरू नका, कारण साहेब आधी तोच पाहतील. बरा दिवस उगवला की साचलेली सगळी गावे एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. मीही तेच करत असे आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जात. म्हणून वहीत बऱ्या दिवशीही तेवढेच काम दिसू द्या.

मागणी लहान आणि मुदतीची ठेवा. एका दिवसात शिरपूर आणि साक्री अशा दोन टोकांना न पाठवता एका दिवशी एकच बाजू द्यावी, आठवड्यातला एक दिवस फोनवरच्या वसुलीसाठी कार्यालयात बसू द्यावे आणि हे एक महिना करून पाहावे, एवढेच लेखी मागा. महिनाअखेरीस मात्र हा विषय काढू नका. तेव्हा साहेबांच्याच डोक्यावर वरच्यांचे आकडे असतात. पाच तारखेनंतरची एखादी निवांत दुपार पाहून, वही हातात घेऊन जा.