पाणलोटाच्या कामाला लागताय ना, मग आधी एवढंच बघा

मस्त दादा, पाणलोटाचं काम, म्हणजे पावसाचं पाणी आणि माती गावातच अडवायचं काम, करायला गावात चार जण तयार झालेत असं म्हणालात, हेच मोठं आहे. पण बहुतेक जण सुरुवातच चुकवतात, पहिल्याच दिवशी जेसीबी आणून नाला खोल करतात, फोटो भारी येतात पण वरून वाहून येणारी माती थांबवलेलीच नसते, मग दोन पावसात सगळं गाळाने भरतं. काम माथ्यावरून पायथ्याकडे करायचं, आधी डोंगरावर चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब खड्डे), नाला सगळ्यात शेवटी.

- चर समपातळीतच हवा. नजरेने आखू नका, लाकडाची ए-फ्रेम (इंग्रजी A आकाराची, ओळंबा लावून पातळी बघायची चौकट) बनवा, घरीच होते. उतार राहिला की पाणी एका टोकाला जमून चर फुटतो, आमचे पहिले तसेच गेले, फार वाईट वाटलं.
- माती चराच्या खालच्या अंगाला टाका.
- जमीन वनखात्याची असेल तर परवानगी आधी, ग्रामसभेत ठरावही घ्या.

आणि पाणी आलं की बोअर मारायची घाई सुरू होते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला शेतीसाठी बोअरबंदी केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद (किती पाणी आलं, किती वापरायचं) मांडतात, म्हणून तिथलं पाणी टिकलं. हे बोलणं गावात आत्ताच काढा, नंतर कोणी ऐकत नाही.

बाकी गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) वगैरे पुढच्या वर्षी बघू. कुठला तालुका तुमचा?