बारच्या साइटवर मेन्यू सापडत नाही आणि प्रिंट कोरी येते, त्याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बारची साइट जुनी आहे, डावीकडे फ्रेममध्ये (म्हणजे एकाच खिडकीत वेगळं पान दाखवणाऱ्या चौकटीत) लिंकांची यादी, उजवीकडे मजकूर, सगळं काळ्या बॅकग्राउंडवर, आणि लोक फोन करून विचारतात मेन्यू कुठेय, प्रिंट मारली तर एकतर नुसती ती यादी छापून येते नाहीतर जवळपास कोरा कागद, म्हणून 'साइट कशी वापरावी, प्रिंट कशी काढावी' असं मदतीचं एक पान लिहायचंय. माझं सरळ मत, ते पान लिहू नका. ज्याला मेन्यू सापडत नाहीये त्याला मदतीचं पान तरी कुठून सापडणार. तेवढ्याच मेहनतीत साइट दुरुस्त होते.

बारच्या साइटवर माणूस येतो तो चार-पाच गोष्टींसाठी. आत्ता उघडं आहे का, मेन्यू आणि भाव, पत्ता, फोन नंबर, आणि आज काही लाइव्ह म्युझिक वगैरे आहे का. बास. तुमची दहा वर्षांची गाथा, मालकांचं मनोगत, गॅलरी, हे सगळं असू दे पण खाली. पाच लिंका वर उघड्या आडव्या लावा, त्या तीन रेघांच्या बटणामागे लपवू नका, पाच शब्द मोबाइलवर दोन ओळींत आरामात बसतात. आणि लिंकला नाव साधं द्या, 'मेन्यू' म्हणजे मेन्यू. 'आमची मैफल' असलं काही लिहिलं की लोकांना वाटतं गाण्यांचं काहीतरी असेल. फोन नंबर टॅप केला की डायल झाला पाहिजे, फोटोत लिहिलेला नंबर कोणी बघून बघून टाइप करत नाही.

वेळेचं तेवढं जपून लिहा, बारच्या बाबतीत इथेच घोळ होतो. 'शुक्रवार 5 ते 1' यातला 1 म्हणजे शनिवार लागल्यानंतरचा, हे तुम्हाला माहितीये, शनिवारी दुपारी 12 वाजता साइट बघणाऱ्याला नाही. 'शुक्रवार संध्याकाळी 5 ते मध्यरात्रीनंतर 1' असं पूर्ण लिहा. आणि किचन आधी बंद होत असेल तर ती वेळ वेगळी द्या, नाहीतर लोक उशिरा येऊन उपाशी बसतात आणि मग रिव्ह्यूत तुमची धुलाई.

आता फ्रेम. जुन्या काळात यादी एकदाच लिहायची आणि सगळीकडे वापरायची सोय म्हणून ठीक होतं, पण एचटीएमएल 5 मध्ये (वेब पानं ज्या भाषेत लिहितात तिची नवी आवृत्ती) फ्रेम बादच केल्यात, ब्राउझर अजून दाखवतात ते जुन्या साइट मोडू नयेत म्हणून. तुमच्या निम्म्या तक्रारी फ्रेमच्याच आहेत. ब्राउझरमधला वरचा पत्ता बदलतच नाही म्हणून मेन्यूची लिंक मित्राला पाठवता येत नाही, सर्चमधून आलेला माणूस थेट आतल्या पानावर पडतो आणि तिथे यादीच नसते, बिचारा अडकतो. प्रिंटचंही तेच, ब्राउझर कुठला आणि शेवटचं क्लिक कुठल्या फ्रेममध्ये केलं यावर काय छापायचं ते ठरू शकतं. फायरफॉक्समध्ये उजवं क्लिक करून फक्त ती फ्रेम प्रिंट करायचा पर्याय मिळतो, पण हे ग्राहकाला शिकवत बसणार का?

कोऱ्या कागदाचं कारण वेगळं. शाई वाचावी म्हणून ब्राउझर बॅकग्राउंडचा रंग सहसा छापत नाहीत, आणि तुमची अक्षरं पांढरी, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं. क्रोमसारखे काही ब्राउझर अक्षरं आपणहून जरा गडद करतात, म्हणून काहींना फिकट राखाडी काहीतरी दिसलं असेल. कोणी हुशारीने सेटिंगमध्ये बॅकग्राउंड ग्राफिक्सवर टिक केलीच तर अख्खं पान काळं छापलं जाणार, शाईचा निकाल. उपाय साइटमध्येच आहे आणि नवीनही नाही, सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं हे सांगणारी भाषा) प्रिंटसाठी वेगळे नियम 1998 पासून लिहिता येतात. स्क्रीनवर काळं राहू दे (बार आहे, काळोख शोभतो), प्रिंटच्या नियमांत अक्षरं काळी, बॅकग्राउंड काहीच नाही, लिंकांची यादी, बटणं, गॅलरी, कुकीची परवानगी मागणारी पट्टी सगळं लपवा. ती कुकीची पट्टी आणि 'तुमचं वय सांगा' वाला पडदा तर नक्की लपवा, कारण स्क्रीनला चिकटवून ठेवलेली वस्तू प्रिंटमध्ये प्रत्येक पानावर येते, बरोब्बर भावांच्या ओळीवर.

मेन्यू फोटो म्हणून टाकला असेल तर आधी तो टाइप करून घ्या. फोटोतले शब्द सर्चला नीट मिळत नाहीत, न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते नीट वाचू शकत नाही, मोबाइलवर चिमटीने मोठं करत बसावं लागतं. पीडीएफचंही मोबाइलवर तसंच होतं, शिवाय पानावरचा भाव बदलतो आणि पीडीएफमध्ये जुनाच राहतो, मग काउंटरवर वाद. त्यामुळे माझा आग्रह एकच मेन्यू, पानावर, टेक्स्टमध्ये. ज्याला पीडीएफ हवी तो प्रिंटमधून सेव्ह करेल. खाली 'हे भाव अमुक तारखेपासून' ही ओळ मात्र हवीच, कारण छापलेला कागद लोक महिनोन्महिने ठेवतात, हॉटेलांच्या रिसेप्शनवर पाहुण्यांसाठी फाइल असते, ऑफिसात पार्टी ठरवणारा एक जण कागद फिरवतो, प्रिंट काढणारे हेच लोक.

बारीक गोष्टी पटापट: अक्षर 11-12 पॉइंट, फॉन्ट साधा, ते हस्ताक्षरासारखं वळणदार फक्त नावापुरतं. पदार्थ एका पानावर आणि भाव दुसऱ्यावर असं तुटू नये म्हणून ओळ मध्ये तोडू नको हा नियम टाका, हेडिंग पानाच्या तळाशी एकटं राहू नये यासाठीही नियम आहे. ए4 कागद 210 बाय 297 मिलिमीटर, अमेरिकन लेटर 216 बाय 279, म्हणजे रुंद पण बुटका, तेव्हा मोजून मापून एकाच आकारात बसवू नका, 15 मिलिमीटर समास सोडा. क्लिक केल्यावर उघडणारे कप्पे बंद असतील तर बंदच छापले जातात, मेन्यू तरी उघडा ठेवा. पानाची उंची स्क्रीनएवढी बांधून आत स्क्रोल दिला असेल तर पहिलंच पान छापतं आणि बाकी गायब, हे तपासा. नकाशा बऱ्याचदा नीट छापत नाही, पत्ता आणि 'स्टेशनवरून कसं यायचं' हे शब्दांत लिहा.

मदत द्यायचीच तर मेन्यूच्या वर दोन ओळी: कंप्युटरवर कंट्रोल आणि पी, मॅकवर कमांड आणि पी, मोबाइलवर शेअरमध्ये जाऊन प्रिंट. शेजारी प्रिंटचं बटण ठेवा, पण सोशल मीडियाच्या ॲपमध्येच साइट उघडली असेल तर ते बटण बऱ्याचदा ढिम्म हलत नाही, तिथे 'आधी ब्राउझरमध्ये उघडा' एवढं लिहा.

क्रम मात्र पाळा, आधी फ्रेम काढा आणि मग प्रिंटचं हातात घ्या, नाहीतर तेच नियम प्रत्येक फ्रेमच्या फाइलमध्ये वेगळे टाकत बसाल आणि फ्रेम काढताना परत सगळं उचकटावं लागेल. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवायला विसरू नका. झाल्यावर प्रीव्ह्यू बघा आणि साध्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटरवर एक खरी प्रिंट काढा, अडलं तर त्याचाच फोटो इथे टाका, बघतो.