वाचक विचारतात : घोरणारं मूल आणि बीपी

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा रोज घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो. शाळेच्या तपासणीत बीपी ११८/७८ आलं. मोठ्यांच्या हिशेबात हे नॉर्मल आहे ना? (वाचक, सांगली)

उत्तर : मोठ्यांच्या हिशेबात हो, सात वर्षांच्या मुलाच्या नाही. तेराव्या वर्षापर्यंत रक्तदाब वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावर ताडतात. ९५ पर्सेंटाइल (त्याच वयाच्या आणि उंचीच्या शंभरातल्या ९५ मुलांच्या वर) किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेला, आणि तुमचा आकडा त्यात बसतो. पण एका मोजणीवर शिक्का मारू नका.

आधी दंडाला बांधायचा पट्टा तपासा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. घेर २० सेंमी असेल तर रुंदी ८ आणि लांबी १६ ते २० सेंमी. पट्टा लहान पडला की आकडा खोटा चढतो, मोठा झाला की खोटा उतरतो. मूल ३ ते ५ मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसल्यावर उजव्या दंडावर मोजायचं. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. वाढलेल्या बीपीचं निदान तीन वेगवेगळ्या भेटींतल्या मोजण्यांवरून होतं.

आता घोरणं. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढले की झोपेत घशाची वाट बंद होते, ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू मुलाला अर्धवट जागं करतो. प्रत्येक वेळी ॲड्रेनालिनसारखी रसायनं सुटतात, रक्तवाहिन्या आकसतात. एरवी झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण १० टक्क्यांनी उतरतो. या मुलांत तो पुरेसा उतरत नाही, म्हणून दिवसाची मोजणी चांगली आली तरी रात्रीचा दोष लपतो. पाच वर्षांवरच्या मुलांना २४ तासांचं बीपी यंत्र लावता येतं.

‘घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय’ ही घराघरातली समजूत मात्र सोडायला हवी. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री घोरणं, मध्येच श्वास थांबून हिसका येणं, मान मागे टाकून झोपणं, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, दिवसा पेंगण्याऐवजी चळवळेपणा : यातलं काही दिसलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. स्लीप स्टडीत (झोपेत श्वास नोंदवणाऱ्या तपासणीत) तासाला श्वासाचे एकापेक्षा जास्त अडथळे मुलांत दोषाचे मानतात, दहाच्या वर तीव्र. लघवी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफीही टाळू नका. या वयात बीपी वाढण्यामागे मूत्रपिंडाचा आजार असू शकतो, सगळं घोरण्यावर ढकलणं धोक्याचं.

प्रश्न : टॉन्सिल काढले की बीपी उतरेल? (वाचक, ठाणे)

उत्तर : बऱ्याचदा थोडं उतरतं, हमी नाही. वजन जास्त असेल तर ऑपरेशननंतरही त्रास उरतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हवीच. पण ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून वाट पाहणंही बरोबर नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ४२१ मुलांचा किशोरवयापर्यंत मागोवा घेतलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. ज्यांचा झोपेत श्वास अडण्याचा त्रास टिकून राहिला, त्यांच्यात बीपी वाढलेलं असण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. ज्यांचा मिटला, त्यांच्यात ठळक वाढ दिसली नाही.

प्रश्न : झोपेत श्वास अडतो का, ते घरच्या पल्स ऑक्सिमीटरवर कळेल का? (वाचक, मडगाव)

उत्तर : आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, मुलांत ऑक्सिजन फारसा न उतरताही अडथळे असू शकतात. त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ घ्या : शर्ट वर करून छाती-पोट, चेहरा आणि आवाज, दोन-तीन मिनिटं, पहाटेच्या सुमारास. स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते आणि अडथळेही.