गेममध्ये पीसी स्लो आहे? नवीन ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) घ्यायच्या आधी हे बघ

अरे थांब, लगेच पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात धावू नकोस. नुसता तापलेला प्रोसेसर किंवा चुकीच्या जागी लावलेली केबल एवढ्यानंही गेम अडखळतो.

सगळ्यात आधी पीसीच्या मागे बघ, मॉनिटरची केबल मदरबोर्डला (पीसीच्या मुख्य बोर्डला) लावलीय की ग्राफिक्स कार्डला? मदरबोर्डला असेल तर बहुतेक वेळा महागडं कार्ड नुसतं बसून राहतं, आणि ही चूक नवीन लोक खूप करतात, मीपण केलीय.

मग गेम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड:
- डिस्क सतत १०० टक्के आणि विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर? एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) टाक, पीसी एकदम हलका होईल. पण एफपीएस (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) त्याने फारसे वाढत नाहीत हं.
- ८ जीबी रॅम भरलेली? १६ कर, शक्यतो सारख्या दोन स्टिक.

आणि धूळ! आपल्याकडे रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यात पंखे भरतात, एप्रिलच्या उन्हात तर प्रोसेसर तापून स्वतःच स्पीड कमी करतो. पीसी बंद करून, प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्रशने साफ कर.

क्लीनर, बूस्टर असलं काही डाउनलोड करू नको. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर किंवा कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवणं, ते नंतर बघू. आधी केबल बघून सांग.